दाराशी बसवलेला देव

१९९४ च्या फेब्रुवारीतला एक मंगळवार, सकाळची वेळ. ठिकाण: अंबरनाथ, कारखान्यामागची चाळ. हजर: चाळ कमिटीचे अध्यक्ष, नव्या धोतरात; भटजी; चौकीतले दोन हवालदार, बूट काढून; आरतीची ताटं घेतलेल्या चाळीतल्या बायका; मी, आरोग्य केंद्राची कार्यकर्ती, खांद्याला पिशवी; आणि शेवटच्या खोलीच्या दारात ती, जिच्यासाठी हा सगळा खटाटोप चालला होता.

ती वांगणीकडची. नवऱ्याने टाकल्यावर इथे आली, खोली भाड्याने घेतली आणि धंदा करू लागली. एकटीच. निरोध नको म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला ती सांगे, "मग चहा पी आणि घरी जा. चहा फुकट."

निरोधची खोकी मी तिच्याच खोलीत ठेवत असे. धंदा करणाऱ्या दुसऱ्या बायका, बदलापूरच्या, बेलवलीच्या, उल्हासनगरच्या कॅम्प एकच्या, आमच्या केंद्राची पायरी चढत नसत. तिथे कार्डावर नाव लिहावं लागे आणि बाकावर कोणीतरी ओळखीचं बसलेलं असेच. त्या तिच्याकडे येत, गप्पा मारत, पाकिटं घेऊन जात. कुणाला जखम झाली, आग होऊ लागली, की तिचा मला निरोप येई आणि मी औषधाची सोय करी. एड्स टाळा, निरोध वापरा, अशा पाट्या स्टेशनबाहेरच्या भिंतींवर रंगवलेल्या होत्या. त्या पाट्यांवर जे लिहिलं होतं ते खरोखर घडत होतं या एका खोलीत.

अध्यक्षांना ती खोली रिकामी हवी होती. "सभ्य वस्ती आहे," असं ते प्रत्येक मिटिंगला म्हणत. त्यांनी चौकीत अर्ज दिला. तिथल्या साहेबांनी सांगितलं की एकटी बाई स्वतःच्या खोलीत काय करते त्यावर केस उभी राहत नाही. मग कुणीतरी अध्यक्षांच्या कानात दुसरं कलम घातलं: जवळ देऊळ किंवा शाळा असेल तर तिथे धंदा करणं गुन्हा. शाळा काढायची तर मास्तर लागतात. म्हणून त्यांनी देऊळ काढलं. तिच्या भिंतीला लागून घुमटी बांधली, ट्रस्ट केला, त्याची रीतसर नोंदणी केली आणि त्या मंगळवारी देव बसवला.

आरती संपली. चाळीतली एक म्हातारी तिला म्हणाली, "तू पण घे गं प्रसाद."

अध्यक्षांनी ताट मागे ओढलं. "आधी खोली खाली कर म्हणावं." मग हवालदारांकडे वळून म्हणाले, "चला, आता देव शेजारी आहे."

हवालदारांनी बूट चढवले आणि आत शिरले. खाटेखालचं खोकं ओढून बाहेर काढलं.

"एवढे निरोध? एकटीला?" त्यातल्या एकाने विचारलं.

"ते केंद्राचे आहेत. मी ठेवलेत," मी म्हटलं.

"ताई, तुम्ही ठेवले, पण सापडले हिच्याकडे." त्याने खोकं काखेत मारलं. "पुरावा आहे हा. बोल गं, केस घेतेस की खोली सोडतेस?"

तिने घुमटीकडे पाहिलं. "बाई," ती मला म्हणाली, "देव शेजारी राहायला आला आणि आल्या दिवशीच मला हाकललं. असला शेजारी कुणाला मिळू नये."

दिवस मावळायच्या आत तिचं सामान टेम्पोत चढलं. कुठे जाते ते तिने सांगितलं नाही. अध्यक्षांनी खोलीला कमिटीचं कुलूप लावलं. टाळ्या वाजल्या. वाजवणाऱ्यांत कोण कोण होतं ते मी पाहून ठेवलं. मी रडत बसणारी नाही. घरी येऊन कागद घेतला आणि कामं लिहिली. पहिलं काम: वकील.

उल्हासनगरचे एक सिंधी वकील केंद्राला मदत करत. सिंधी रिवाजाप्रमाणे मला अदी म्हणत, म्हणजे बहीण.

"अदी, केस लढायला बाई पाहिजे. बाई किधर आहे?"

"माहीत नाही. पण त्या माणसाला मी सोडणार नाही."

"तो करतो काय?"

"दारूचं दुकान आहे. आता चाळीच्या तोंडाशी गाळा घेतलाय, तिथे परमिट रूम काढतोय. परवान्याचा अर्ज गेलाय."

वकिलांनी चष्मा काढला. "आणि मंदिर? रजिस्टर्ड?"

"त्यानेच केलंय."

ते इतके हसले की बाहेरचा कारकून आत डोकावला. देवळाजवळ दारूच्या नव्या जागेलाही परवाना देत नाहीत, हे त्यांनी मला तेव्हा सांगितलं. मी त्याच दिवशी हरकतीचा अर्ज दिला, ट्रस्टच्या कागदाची नक्कल जोडून.

तपासणीला अधिकारी आला. गाळ्यापासून देवळापर्यंतचं अंतर मोजायच्या टेपचं दुसरं टोक धरायला माणूस हवा होता. मी धरलं. अंतर कमी भरलं.

"साहेब, ती नुसती घुमटी आहे," अध्यक्ष म्हणाले. "देऊळ कसलं त्यात!"

अधिकाऱ्याने ट्रस्टचा कागद त्यांच्यापुढे धरला. खाली त्यांचीच सही होती.

मग त्यांनी देव हलवायचा घाट घातला. भटजींना नेमका ताप आला. ज्या बायकांना त्यांनीच आरतीला उभं केलं होतं त्या घुमटीपुढे बसून राहिल्या. प्रसाद देऊ पाहणारी म्हातारी सगळ्यांत पुढे. "कुणासाठी हलवता देव? बाटलीसाठी? हात लावून दाखव मेल्या!"

शेवटी अध्यक्ष केंद्रात आले. मी त्यांना बाकावर बसवून ठेवलं, बाकीच्या पेशंटांत.

"बाई, मी तुमचं काय वाकडं केलंय?"

"माझं काही नाही."

"तसल्या बाईपायी माझा धंदा बसवलात!"

"तुम्ही तिचा बसवलात. खोली तिला परत द्या, मी हरकत मागे घेते."

त्यांनी खिशातून चावी काढून टेबलावर आपटली. "घ्या. बोलवा तिला."

त्या क्षणाची गोडी अजून जिभेवर आहे. पण तिला बोलावणार कुठून? बेलवलीत विचारलं. कॅम्प एकमध्ये विचारलं. पाकिटं न्यायला येणाऱ्या बायकाही पांगल्या होत्या. भेटलेल्या एकीच्या अंगावर चट्टे होते आणि तिला औषध कुणी दिलं नव्हतं. चिखलोलीत ती दिसल्याचं कुणी म्हणालं म्हणून मी तिथेही गेले. ती नव्हती.

अध्यक्ष मधूनमधून विचारायला येतात. मी त्यांना बाकावर बसवते. चावी माझ्याकडे आहे. हरकत मागे घेतलेली नाही. ती अजून सापडायची आहे.