वॉर्डाबाहेरचं लिहिणं

मुलांनो, आजोबा परळच्या हॉस्पिटलात होते तेव्हा वॉर्डाबाहेरच्या बाकावर एक बाई रोज माझ्याशेजारी बसायची. तिचा नवरा आत होता, मुलगी गावी दहावीला. पहिल्या दिवशी तिनं मुलीला मोबाइलवर एका बोटानं कसंबसं ‘बरे आहेत’ एवढंच लिहिलं. आठवडाभरात चार ओळींपर्यंत मजल गेली. बाबांनी पेज खाल्ली, नर्सशी भांडले, तू अभ्यास कर. खरं तर त्यांनी डोळेही उघडले नव्हते.

“एवढा त्रास कशाला? फोन करा की,” मी म्हणाले.

“नको मावशी. बोलताना रडू येतं. लिहिलेलं कोरडं राहतं.”

तेवढ्यात मुलीचं उत्तर आलं. ‘भांडतायत म्हणजे बरे झाले. दे ना त्यांना फोन.’

“जरा जास्तच चांगलं लिहिलं,” बाई म्हणाली आणि तिनं सावकाश टाइप केलं, ‘आत्ताच झोपलेत.’