अम्मीच्या फोनात न मावलेलं बटण

बालाघाटावर धुकं होतं. धारूरच्या बाजारात शाईस्ता बापासंग सीताफळं मांडत होती, पण आज फळं पाटीत आदळत होती.

"हळू गं. फळ हाय ते, तुझा सर न्हाई," कय्युमभाई म्हणाले.

ती मोबाईल अ‍ॅपच्या क्लासला जायची. सरांनी फोनच्या पडद्यावरच्या बटणाची जागा आकड्यांत बांधून दिलती, डावीकडून इतकं, वरून इतकं. तिनं सीताफळं मागवायचं पान तसंच केलं. सरांच्या मोठ्या फोनवर ते झकास दिसलं. अम्मीच्या लहान फोनवर 'मागवा' हे बटणच पडद्याबाहेर गेलं.

"अम्मीला नवा फोन घे," सर म्हणाले, आणि वर्ग हसला.

तिच्या अंगाची लाही लाही झाली. तिनं सरांचे आकडे काढून टाकले. पडद्यात मावेल तेवढं ओळीत बसावं, उरलेलं खाली यावं, असं लिहिलं. काल दोन्ही फोन सरांपुढं ठेवले. दोन्हींवर बटण दिसत होतं.

"परीक्षेत माझेच आकडे पाहिजेत. नाहीतर नापास," सर म्हणाले.

"मंग करा नापास," ती म्हणाली. "गावात समद्यांकडं अम्मीसारखेच फोन हायत. तुमच्या एकट्यासाठी दुकान मांडू का?"

"आता माफी मागतीस?" बाजारात हे सगळं ऐकून कय्युमभाईंनी विचारलं.

"कावून? माझं काय चुकलं? पाटीबाहेर फळ लोंबत ठेवतो का आपण?"

कय्युमभाईंनी अरुंद पाटी तिच्याकडं सरकवली. तिनं पाला अंथरला, ओळीत चारच फळं बसवली आणि पाचवं खालच्या ओळीला घेतलं.