तपासनीसकाका गाडीचं तेल बदलतात

तपासनीसकाकांनी कारखान्यात एकतीस वर्षं नोकरी केली आणि एकही नट स्वतः आवळला नाही. दुसऱ्यांनी आवळलेले नट ते तपासत. पसंत पडला तर हिरवा ठिपका, नाही तर लाल. लाल रंग लवकर संपायचा. निवृत्त झाल्यावर तपासायला घर उरलं. काकूंनी ते दोन वर्षं सोसलं.

मी त्यांच्या वरच्या मजल्यावर राहतो. साहित्यात एम. ए. केलंय. त्यामुळे मला निदान मोठ्याने वाचता तरी येत असावं, असा काकांचा कयास. त्या सकाळी आठ वाजता त्यांनी मला अंगणात खुर्चीवर बसवलं आणि हातात यादी दिली. अठ्ठावीस कलमं, प्रत्येकापुढे चौकोन.

"कलम वाचायचं. मी 'झालं' म्हटलं की खूण करायची. पुढचं आधी नाही, मागचं नंतर नाही."

त्यांची मुलगी, म्हणजे आमची ताई, चार दिवसांपूर्वी बाळंत झाली होती. मुलगी झाली. जावई बोटीवर नोकरीला, तो महिन्याने येणार. दुपारी बारा वाजता हॉस्पिटलमधून ताईला सोडणार होते. नातीला आपल्या गाडीतून आपणच घरी आणायचं, हे काकांनी ताईच्या पाचव्या महिन्यातच ठरवलं होतं. तसा शब्द दिला होता. एवढ्यावर भागलं असतं. पण नात बसणार त्या गाडीत जुनं तेल कसं चालेल? इंजिनाचं नव्हे, ते कोणीही बदलतं. गिअरचं, आणि मागच्या चाकांच्या मधोमध जो लोखंडी गोळा असतो, त्यातलं. गाडी उंच, जड, सात माणसांची. एरवी तिच्यातून भाजी यायची.

"अहो, उद्या करा की," काकू खिडकीतून म्हणाल्या.

"उद्या ती बसून झालेली असेल."



जॅकने गाडी उचलली, खाली लोखंडी घोड्या लावल्या. काका पाठीवर सरपटत आत गेले. बाहेर फक्त पाय राहिले, इस्त्रीच्या पँटमध्ये.

मी वाचलं, "कलम नऊ. मागच्या गोळ्याचं खालचं बूच उघडून तेल काढणे."

"अहो, वरचं बूच उघडतंय का ते बघितलंत?" काकूंचा आवाज. "नवं ओतायचं कुठून?"

"ते कलम चौदा आहे."

"असू दे की चौदा. हंडा रिकामा करायच्या आधी नळाला पाणी आहे का ते बघतात."

"क्रम म्हणजे क्रम. स्वयंपाकघर नाही हे."

"स्वयंपाकघर असतं तर एव्हाना जेवणं झाली असती."

तेल काढलं. काळंकुट्ट होतं आणि त्याला नासक्या अंड्यांचा वास होता. काकांनी ते बोटावर घेऊन पाहिलं आणि समाधानाने म्हणाले, "नापास."

मग कलम चौदा. वरच्या बुचाला पाना लावला. बूच हललं नाही. काकांनी जोर लावला. पाना घसरला. काकांनी आणखी जोर लावला. बुचाला सहा कडा होत्या. अर्ध्या तासात ते छान गोल झालं. गोळा रिकामा, आणि भरायला वाट नाही. अशी गाडी हॉस्पिटलपर्यंत नेली असती तर आतले दाते एकमेकांना खाऊन मोकळे झाले असते.

साडेदहा वाजले. पाय बराच वेळ हलले नाहीत.

"काका?"

"कलम चौदा," पाय म्हणाले, "प्रलंबित ठेव."

कोपऱ्यावर एक मेकॅनिक आहे. तो पूर्वी काकांच्याच कारखान्यात लेथवर होता. त्याच्या कामावर काकांनी अकरा वर्षं लाल ठिपके दिले. शेवटी त्याने लेथ सोडली आणि गॅरेज टाकलं. तेव्हापासून काका गाडी शहराच्या दुसऱ्या टोकाला नेत.

"त्याला बोलवा," काकू म्हणाल्या.

"तो नको."

"बरं. मग मी टॅक्सी बघते. नात टॅक्सीतून येईल."

काका गाडीखालून बाहेर आले. चष्म्यावर तेल होतं.

"जा," ते मला म्हणाले. "पण माझं नाव सांगू नकोस."

"काका, गाडी तो ओळखतो."

"तरी."

मेकॅनिक आला, खाली सरपटला, शांतपणे पाहून बाहेर आला.

"साहेब, हे कोणी केलं?"

काकांनी चष्मा पुसायला घेतला.

"तसं नाही. पास कोणी केलं, ते विचारतोय."

मग त्याने छिन्नी आणि हातोडी काढली. काका पुढे सरसावले. "असं नाही करत! कडेला खाच पडेल."

"पडू दे. ठिपका देऊन ठेवा."

पावणेबाराला काकू टॅक्सीने गेल्या.   सव्वाबाराला बूच निघालं. मेकॅनिकने गॅरेजमधून नवं बूच आणलं, नवं तेल ओघळेपर्यंत भरलं, बूच लावलं आणि गाडी घोड्यांवरून उतरवली. काकांनी साबणाने कोपरापर्यंत हात धुतले, सदरा बदलला, गाडी सुरू केली आणि फाटकाशी आणली. समोर टॅक्सी येऊन उभी राहिली.

ताई उतरली. हातात दुपट्याचं गाठोडं. काका स्टिअरिंग धरून बसले होते. ते उतरले नाहीत.

"झाली का गाडी, बाबा?" ताईने विचारलं.

"अठ्ठावीसपैकी सोळा कलमं."

"चालते ना?"

काकांनी मेकॅनिककडे पाहिलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ते त्याला काही विचारत होते. मेकॅनिकने वाकून खाली नजर टाकली आणि मान डोलावली.

ताई टॅक्सीला वळसा घालून आली आणि मागच्या सीटवर बसली.

"अगं, घर समोर आहे!" काकू ओरडल्या.

"एकच चक्कर, आई. बस तूही. नाहीतर ही शाळेत जाईपर्यंत ऐकावं लागेल मला."

"तुला शाळेपर्यंत. मला जन्मभर," असं म्हणत काकू बसल्या.

टॅक्सी हलली, गाडी निघाली. मी बाजूने चालत होतो, दम लागला नाही. गल्लीला वळसा घालायला अकरा मिनिटं लागली. एका सायकलने आम्हाला दोनदा मागे टाकलं.

"चालत लवकर पोचलो असतो," आतून काकू म्हणाल्या.

"तेल नवीन आहे. त्याला जरा सवय होऊ दे."

फाटकाशी काका उतरले, मागचं दार उघडलं आणि गाठोड्यापाशी वाकले.

"आलो हं घरी," ते म्हणाले.

नात झोपली होती. काकांनी तरी वाटेतल्या दोन्ही खड्ड्यांबद्दल तिची माफी मागितली.