ताई रिकामा डबा घेत नाहीत

९ डिसेंबर. दिवसभराचे डबे घासायचे समोर पडलेत, पण दुपारी जे पाहिलं ते डोक्यातून जात नाही. माझ्या थोरल्या नणंदेइतकी निर्भीड बाई अख्ख्या वाशीम जिल्ह्यात सापडायची नाही. खरा शब्द निर्लज्ज आहे, पण नणंद आहे म्हणून निर्भीड लिहिते.

अनसिंगला आमची भाजीची बागायत आहे. कोणाला कॅन्सर, कोणाच्या किडन्या गेलेल्या, अशांच्या घरी आम्ही दोघी डबे पोचवतो. स्वयंपाक माझा, स्कूटी ताईंची. आजाऱ्याशी हळू बोलणं ताईंना माहीतच नाही. अंगणातूनच ओरडतात, "उठता, का मीच खाऊन घेऊ?" माझ्या स्वयंपाकाची बदनामी तर रोजचीच. "आज वयनीनं वरणाची पार वाट लावली. चाखून पाहा बरं!" अन्नाकडे न बघणारा माणूसही मग चूक शोधायला एक घास घेतो आणि खात्री करायला दुसरा. एका आजीनं तर माझी दया येऊन अख्खी वाटी संपवली आणि निरोप धाडला, "शिकशीन बाप्पा हळूहळू." लग्नाची मुलगी आहे मला!

पण कहर म्हणजे डबा परत घ्यायची पद्धत. शेजारणीची वाटी आपण रिकामी परत करत नाही, चिमूटभर साखर तरी घालतो. हा रिवाज ताईंनी अंथरुणाला खिळलेल्यांनाही लावला. टेलरकाका एकटे राहायचे, पोटाचा कॅन्सर. हिंडतेफिरते होते तोवर अंगणातलं लिंबू तोडून डब्यात टाकायचे. मागच्या महिन्यात त्यांनी खाट धरली आणि जेवणच सोडलं. ताई खाटेपाशी कमरेवर हात ठेवून उभ्या. "भरला डबा मी वापस नेत नाही, अन् रिकामा घेत नाही. दोन घास खा, जागा करा, अन् काहीतरी टाका." काकांनी कसेबसे दोन घास गिळले, उशाशी चाचपडून एक शर्टाचं बटण काढलं आणि डब्यात टाकलं. ताईंनी ते घेतलं! मी शरमेनं अर्धी झाले.

बाहेर येऊन म्हटलं, "ताई, मरणाऱ्या माणसाले मागता? काही वाटते का नाही?"

"अजून गेले नाहीत ना ते? मंग त्याईच्या घरचा रिवाज मी काहून बंद करू?"

तेव्हापासून रोज दोन घास आणि एक बटण.

आज पहाटे काका गेले. दुपारी सगळं आटोपून लोक अंगणात गप्प बसलेले, आणि ताई उभ्याउभ्याच म्हणाल्या, "माहा कालचा डबा कुठी हाय?" मी मागून पदर ओढला. कोपऱ्यातला एक म्हातारा बोललाच, "डबा पळून चालला का वं तुहा?" ताई हलल्या नाहीत. शेवटी काकांची देखभाल करणाऱ्या शेजारणीनं आतून डबा आणला. "रात्री दोन घास खाल्ले त्याईनं. मंग मले डबा धुवाले लावला. म्हणे, ताई रिकामा घेत नाही."

ताईंनी झाकण उघडलं. आत कोटाचं मोठं काळं बटण होतं. येताना त्यांनी स्कूटी इतकी हळू चालवली की शेळ्यांचा कळप आम्हाला मागे टाकून गेला.

१० डिसेंबर. डब्यांच्या पिशवीचं बटण कधीचंच तुटलेलं होतं. सकाळी वरण शिजेपर्यंत ते काळं बटण मी तिथे लावून टाकलं. नुसतं जपून ठेवून काय करायचं? ताई आल्या, पिशवी उघडली, लावली, पुन्हा उघडली.

"टाका वाकडा गेला वं वयनी," त्या हळूच म्हणाल्या. "काकानं उसवाले लावला असता."

मी वरण उतरवलं, टाका उसवला आणि पुन्हा सरळ घातला.