शेपटीला बांधलेली ओटी

सर्व संबंधितांना अत्यंत गंभीरपणे कळविण्यात येते की, हेलिकॉप्टरची ओटी भरू नये. हसा खुशाल. मीही हसतो, पण जमिनीवर उभा राहून.

मी मारेगावचा, लष्करात हेलिकॉप्टरची देखभाल करणारा हवालदार. पायलट मेजर वानखडे फुलसावंगीचे. पुरात ड्यूटी लागली ती नेमकी त्यांच्याच गावी. शाळेच्या मैदानावर हेलिपॅड. मशीनच्या डाव्या अंगाला सूचना देण्यासाठी भोंगा बसवलेला. बाहेरून असं काही लावलं की त्यावर वारा अडतो, मशीन त्या बाजूला ओढतं, वेग कमी ठेवावा लागतो. त्याची आम्हाला सवय होती.

गिरजामायची नव्हती. ही मेजरसाहेबांची आई. आमच्याकडे दारात ट्रॅक्टर आला तरी बाया पूजा करतात. इथे तर पोराचं हेलिकॉप्टर! आमची तपासणी संपल्यावर तिने शेपटीखालच्या दांडीला हिरवा खण बांधला, आत नारळ. साहेबांची आई म्हणून पोलिसांनी अडवलं नाही.

आम्ही उडालो. नाल्यापलीकडे एका छतावर माणसं अडकली होती. वेग वाढला आणि पाठीमागून थरथर सुरू झाली.

"हवालदार, भोंगा?"

"भोंगा सकाळपासून आहे, सर. हे नवीन आहे."

पट्टा अडकवून मी दारातून बाहेर वाकलो.

"सर, शेपटीले खण आहे. हिरवा."



"माय," साहेब म्हणाले. एवढंच.

नारळ निसटला होता. त्याच्या वजनाने खाली लोंबणारा खण आता मोकळा फडफडत होता. वेगात होतो तोवर तो मागे ताणलेला राहणार. हवेत थांबलो की घुसळणारा वारा त्याला शेपटीच्या पंख्यात घालणार. तो पंखा अडकला की मशीन भोवऱ्यासारखं फिरत खाली येतं. आणि छतावरच्या माणसांना उचलायचं तर हवेत थांबणं भाग होतं. ती माणसं हात हलवत होती. आम्ही त्यांच्यावरून तसेच पुढे गेलो.

"बेस, महागाव रोड खाली करा. हवेत न थांबता धावतं लँडिंग."

"रोडवर बैलबंडी आहे, सर."

"हाकला."

डांबरावर स्किड, म्हणजे चाकांच्या जागी असलेल्या दांड्या, घासत, ठिणग्या उडवत आम्ही थांबलो. खण पंख्यापासून वीतभर लांब होता. बंडीवाला कडेला उभा होता. "काहो, याले ब्रेक नाही काय?"

खण कापला. परत गेलो. छतावरची सगळी माणसं आणली.

संध्याकाळी साहेबांनी तो खण आईच्या हातात दिला. "माय, शेपटीले काही बांधू नोको. पडीन ना मी."

पुढे साहेब पहाडात कोसळून गेले, हेलिकॉप्टरसकट. त्या मशीनला बाहेरून जास्तीचं काहीही लावलेलं नव्हतं.

गावाने शाळेजवळ सिमेंटचं छोटं हेलिकॉप्टर उभारलं, खाली साहेबांचा फोटो. अनावरणाला मी गेलतो. सगळे सावधान उभे. साहेबांचा पुतण्या झेंडूचा हार घेऊन मागच्या बाजूला गेला आणि गिरजामाय सगळ्यांसमोर ओरडली:

"शेपटीले नोको बांधू बे! पडीन ना तो!"