वनबाग बघायला आलेली

एकोणऐंशी साली मी सांगलीबाहेरच्या वनबागेत बाकावर बसलो होतो. हिरव्या लुगड्यातली एक म्हातारी फाटकातून आत आली. तिच्या हातातला विळा पाहून रखवालदार ओरडला, "मावशी, लाकडं तोडायची न्हाईत हितं!"

म्हातारीनं विळा त्याच्याच हातात दिला. "तोडीन कशी रं? दुष्काळात ह्या झाडांचं खड्डं आमी बायकांनी खांदलं. डोईवरनं घागरी आणून रोपं जगवली."

मी विचारलं, "तुमच्या हातचं झाड कुठलं, मावशी?"

"कुठलं जगंल, कुणाला ठावं हुतं? म्हणून समद्यास्नी सारखंच पाणी घातलं."

रखवालदार ओशाळून बाजूला सरला. मी उठून जागा दिली, पण ती बसली नाही. मान ताठ ठेवून, एकेका खोडाला हात लावत ती पार शेवटच्या झाडापर्यंत चालत गेली.