न मिटणाऱ्या पापण्या

दुपारी माझी बायको सुमन झोपते, तेव्हा तिच्या पापण्या पुरत्या मिटत नाहीत. फटीतून डोळ्यांचा पांढरा भाग दिसतो, पाण्याखालच्या शिंपल्यासारखा. थायरॉइडचा आजार. शरीराला वाढवणारे घटकच त्यात डोळ्यांमागे नको तेवढी वाढ घडवतात, आणि डोळे पुढे येतात. किती निमूटपणे होते ही वाढ! न बोललेलंही असंच आत वाढत असावं.

ताईच्या नातवाच्या बारशाला मी सुमनला म्हणालो होतो, "ताई म्हणते, तुझे डोळे बघून बाळ घाबरेल. तू नको येऊस." ताई असं काहीच म्हणाली नव्हती. लाज मलाच वाटत होती.

आज ती उठल्यावर सांगून टाकलं.

"माहितीये मला," ती म्हणाली. "ताईंनी दुसऱ्याच दिवशी फोन केला होता. का आली नाहीस, म्हणून रागावल्या होत्या."